हात धुतलेत का, डॉक्टर?

निवृत्त होऊन मला काही वर्षं झाली, तरी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना संसर्ग नियंत्रणाचे दोन तास शिकवायला मला अजून बोलावतात. हा विषय तसा कुणालाच आवडत नाही. शरीरशास्त्रात हाडं असतात, मानसशास्त्रात माणसं असतात, आणि इथे काय, तर हात धुवा! रुग्णाला हात लावण्याआधी, टोचण्या-कापण्याच्या कामाआधी, रक्त किंवा स्राव हाताला लागल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या खाटेला-टेबलाला हात लावल्यावर. हे पाच क्षण मुली पाढ्यांसारखे घडाघडा म्हणून दाखवतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

परवा मात्र तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिने विचारलं की, मॅडम, राउंडला मोठे सर आले आणि एका पेशंटला तपासून तसेच दुसऱ्याकडे निघाले, तर आम्ही काय करायचं? मी पुस्तकातलं उत्तर दिलं. नम्रपणे आठवण करून द्यायची वगैरे. ती मान हलवून गेली. पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की या उत्तराचा तिला काडीचा उपयोग नाही. खरं सांगायचं तर मलाही नव्हता. रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मी तक्ता गुंडाळून ठेवला आणि मुलींना एका माणसाचं आयुष्य सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगते.

इग्नाझ सेमेलवाइस. जन्म 1 जुलै 1818, हंगेरीतल्या बुडा शहरातला. तेव्हा बुडा आणि पेश्त ही डॅन्यूब नदीच्या दोन काठांवरची वेगळी गावं होती, दोन्हींचं मिळून बुडापेस्ट पुढे झालं. वडील किराणा मालाचे व्यापारी, घर खाऊनपिऊन सुखी, भावंडं भरपूर. वडिलांच्या इच्छेने पोरगा 1837 साली कायदा शिकायला व्हिएन्नाला गेला आणि वर्षभरातच कायदा सोडून वैद्यकाकडे वळला. 1844 मध्ये डॉक्टर झाला. आणि 1 जुलै 1846 ला, म्हणजे बरोबर अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात प्रसूती विभागाचे प्रमुख प्राध्यापक क्लाइन यांचा सहायक म्हणून रुजू झाला.

या रुग्णालयात बाळंतपणं फुकट होत. येणाऱ्या बायका कोण? घरकाम करणाऱ्या मोलकरणी, कारखान्यातल्या मजूर, लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली. ज्यांना घरी बाळंत व्हायला घरच नव्हतं, अशा. बाळाची सोय अनाथाश्रमात होई. त्याबदल्यात शिकाऊ लोकांना आपल्यावर शिकू द्यायचं, असा तो व्यवहार.

तिथे प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टरकी शिकणारे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणपण शिकणाऱ्या बायका. भरतीचे वार ठरलेले. आज आलात तर पहिल्या विभागात, उद्या आलात तर दुसऱ्या. छप्पर एक, जेवण एक, पद्धती एक. पण 1841 ते 1846 या सहा वर्षांत पहिल्या विभागातल्या 20,042 बाळंतपणांत 1,989 बायका दगावल्या. दुसऱ्या विभागात 17,791 बाळंतपणांत 691. म्हणजे विद्यार्थी-डॉक्टरांकडे शंभरातल्या जवळजवळ दहा, सुईणींकडे चारच्या आत. कारण एकच, बाळंतपणाचा ताप. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप चढायचा, पोट फुगायचं, दुखायचं आणि आठवडाभरात सगळं संपायचं. पुष्कळदा बाळही आईच्या मागोमाग जाई.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त काय लागतं सांगू? बायकांना हे ठाऊक होतं! अख्ख्या व्हिएन्नात ठाऊक होतं. पहिल्या विभागाचा वार आहे असं कळलं, की त्या गुडघे टेकून, हात जोडून विनवण्या करत, की आम्हाला तिकडे घालू नका. काही जणी तर मुद्दाम वाटेतच, रस्त्यात, एखाद्या दरवाजाच्या आडोशाला बाळंत होत आणि मग येत. म्हणजे रुग्णालयात प्रसूत झाल्याचा हक्क मिळे आणि तपासणी चुके. आणि नवल म्हणजे रस्त्यावर बाळंत झालेल्या या बायकांना ताप क्वचितच येई. प्राध्यापकांना जे दिसत नव्हतं, ते अक्षरशत्रू मोलकरणीला कळत होतं. फक्त तिचं कुणी विचारात घेत नव्हतं.

सेमेलवाइसने घेतलं. त्याचं मोठेपण मला इथे दिसतं, नंतरच्या शोधात तर आहेच.

त्या काळी या तापाची कारणं सांगितली जात ती हवेतलं विष, आकाश-पृथ्वीचे गूढ परिणाम, आटलेलं दूध, भीती, लाज. तो एकेक कारण घेऊन बसला. हवा? दोन्ही विभागांची हवा एकच. गर्दी? दुसऱ्या विभागात उलट जास्त, कारण सगळ्या जणी तिकडे धावत. बाळंतपणाची स्थिती? दुसऱ्या विभागात बाईला कुशीवर निजवत, म्हणून यानेही तसं करून पाहिलं. फरक शून्य. पहिल्या विभागात मरणाऱ्या बाईला अखेरचा संस्कार द्यायला पाद्री येई, तो पुढे घंटा वाजवत, सगळे वॉर्ड ओलांडून. त्या घंटेच्या धास्तीनेच बायका मरत असतील का? याने पाद्रीबुवांना दुसऱ्या वाटेने, घंटा न वाजवता यायला सांगितलं. बायका मरतच राहिल्या. एका समितीने तर परदेशी विद्यार्थी आडदांडपणे तपासतात असा निष्कर्ष काढून विद्यार्थी निम्मे केले. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच.

तो दमला. मार्च 1847 मध्ये मित्रांबरोबर चार दिवस व्हेनिसला गेला. परतला तो बातमी आली की, त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेचका वारले. न्यायवैद्यकाचे शिक्षक. शवविच्छेदन शिकवताना एका विद्यार्थ्याच्या सुरीचं टोक त्यांच्या बोटाला लागलं, आणि तेवढ्या जखमेने ताप चढून ते गेले. सेमेलवाइसने त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला आणि तो हादरला. आत जे जे आढळलं होतं, ते सगळं त्याने शेकडो बाळंतिणींच्या देहात पाहिलेलं होतं. पुरुषाला बाळंतपणाचा ताप! मग हा ताप बाळंतपणाचा नव्हेच. प्रेताचा काही अंश जखमेतून रक्तात गेला, की होणारा हा आजार. कोलेचकांच्या बाबतीत तो सुरीने नेला. बायकांच्या बाबतीत?

हाताने.

पहिल्या विभागातले डॉक्टर आणि विद्यार्थी रोज सकाळी शवागारात जात, आदल्या दिवशी मेलेल्या बायकांचं विच्छेदन करत, साबणाने हात धुत आणि थेट वॉर्डात येऊन अडलेल्या बाईला आतून तपासत. साबणाने धुतल्यावरही त्या हातांना वास येत राही, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सुईणी शवागारात जातच नसत. रस्त्यावर बाळंत झालेलीला कुणी तपासतच नसे. पहिलटकरणी जास्त का दगावतात याचंही उत्तर मिळालं, कारण त्यांचं दुखणं लांबतं आणि तितके जास्त हात आत जातात. सगळं कसं खटाखट जागेवर बसलं. जुनी दप्तरं काढली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. रुग्णालय 1784 मध्ये सुरू झालं तेव्हापासून 1822 पर्यंत शंभर बाळंतपणांत जेमतेम सव्वा बाई दगावत होती. शवविच्छेदनावर भर आला तो त्यानंतर. म्हणजे विज्ञान वाढलं, तसे मृत्यू वाढले.

आणि मग त्याच्या मनात आलेली गोष्ट मी मुलींना सांगताना नेहमी जरा थांबते. बायका का मरतात हे शोधायला सगळ्यांत जास्त शवविच्छेदनं कोणी केली होती? त्यानेच. रोज, न चुकता, जीव तोडून. म्हणजे जितक्या कळवळ्याने त्याने शोध घेतला, तितका तो मृत्यू स्वतःच्या हाताने वॉर्डात नेत राहिला. हे त्याने लपवलं नाही. पुढे स्वतःच्या पुस्तकात त्याने लिहून ठेवलं, की माझ्यामुळे किती जणी अकाली गेल्या ते एक देवच जाणे.

इथे मला माझंही सांगायला हवं. विद्यार्थिनी असताना, दुसऱ्या वर्षाला, मी एका शस्त्रक्रिया वॉर्डात पू भरलेल्या जखमेचं ड्रेसिंग केलं. तेवढ्यात वरून बोलावणं आलं, बाळंतपणाच्या खोलीत माणसं कमी आहेत. मी धावले. हात धुतले का? नळाखाली धरले असतील. आठवत नाही, आणि आठवत नाही यातच सगळं आलं. तिसऱ्या दिवशी त्या बाईला ताप आला. बाळ तिच्यापासून दूर ठेवलं, अँटिबायोटिक सुरू झालं, वीस-बावीस दिवसांनी ती उभी राहिली. तो ताप माझ्यामुळेच होता का, हे कुणी तपासलं नाही, मीही कुणाला बोलले नाही. पुढे इतकी वर्षं मुलींना हात धुवायला शिकवलं, पण हा प्रसंग वर्गात सांगायला मला निवृत्त व्हावं लागलं. सेमेलवाइसने तो छापून टाकला होता.

असो. मे 1847 च्या मध्यावर त्याने नियम केला. वॉर्डात शिरणाऱ्याने क्लोरीनच्या पाण्यात हात घासायचे, वास पूर्ण जाईपर्यंत. पुढे महाग पडतं म्हणून त्याने चुन्यापासून केलेली क्लोरीनची पूड घेतली. मैत्रिणींनो, ही आपली ब्लीचिंग पावडरच बरं का, पावसाळ्यात विहिरीत टाकतात ती. जंतू नावाची गोष्ट त्याला माहीत नव्हती. वास जातो म्हणजे जे काही चिकटलंय तेही जात असणार, एवढंच त्याचं तर्कशास्त्र. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका दगावल्या होत्या. जूनमध्ये दोन. जुलैत एक. 1848 च्या अख्ख्या वर्षात 3,556 बाळंतपणांत 45 मृत्यू, म्हणजे सुईणींच्या विभागापेक्षाही किंचित कमी. त्या वर्षी मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत तर एकही नाही.

पण गोष्ट इतकी सरळ नव्हती. ऑक्टोबर 1847 मध्ये पहिल्या खाटेवर गर्भाशयाच्या कर्करोगाची एक बाई होती, दुर्गंधी स्राव असलेली. डॉक्टर दाराशी क्लोरीनने हात धुऊन आत आले, आधी तिला तपासलं, मग नुसत्या साबणाने हात धुऊन ओळीने पुढच्यांना. त्या ओळीतल्या बारा जणींपैकी अकरा गेल्या. तेव्हा त्याला कळलं की विष फक्त प्रेतातच असतं असं नाही, जिवंत माणसाच्या पुवातूनही ते जातं. महिनाभराने गुडघा सडलेल्या एका बाईमुळे तसंच झालं. मग नियम बदलला. दारात एकदा नव्हे, प्रत्येक बाईनंतर हात क्लोरीनमध्ये. स्राव असलेली रुग्ण वेगळ्या खोलीत. मुलींना मी म्हटलं, तुम्ही जे पाच क्षण पाठ करता, त्यातला दोन रुग्णांमधला क्षण या अकरा जणींनी शिकवलाय. आणि विलगीकरण हा शब्द आपण 2020 मध्ये रोज ऐकला, त्याचीही मुळं तिथपर्यंत जातात.

हातमोजे मात्र तेव्हा नव्हतेच. शस्त्रक्रियेचे रबरी मोजे आले 1890 च्या सुमारास, अमेरिकेत. आणि तेही रुग्णासाठी नाही! हॅल्स्टेड नावाच्या सर्जनच्या नर्सचे, कॅरोलाइन हॅम्प्टनचे, हात जंतुनाशकाने सोलवटायला लागले म्हणून त्याने ते करवून घेतले. नंतर त्यांचं लग्न झालं. हे सांगितलं की वर्ग हसतो, आणि मोजे घातले तरी हात धुवायचे असतात हे त्या हसण्यात मी खपवून टाकते.

आता कुणालाही वाटेल की, एवढे आकडे समोर असताना सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं असेल. तसं झालं नाही. श्कोडा, रोकिटान्स्की, हेब्रा असे काही मोठे लोक त्याच्या बाजूने उभे राहिले. पण प्राध्यापक क्लाइन नाहीत. एकच कारण सगळ्या मृत्यूंच्या मागे कसं असेल, हा त्या काळच्या विद्वानांचा आक्षेप होता. आणि दुसरी अडचण उघड कुणी बोलत नसे, ती म्हणजे हे मान्य करायचं तर आजवरचे मृत्यू आपल्या हातचे, हेही मान्य करावं लागणार. सभ्य घरातल्या, शिकल्यासवरलेल्या डॉक्टरचे हात घाणेरडे? कील शहरातल्या मिखाएलिस या डॉक्टरांनी मान्य केलं. त्यांनी जिची तपासणी केली होती ती त्यांची स्वतःची बहीण, चुलत-मामे नात्यातली, या तापाने गेली होती. त्यांनी आपल्याकडे क्लोरीन सुरू केलं, आणि 1848 मध्ये त्या अपराधाच्या ओझ्याने आत्महत्या केली. मला कधी कधी वाटतं, बाकीच्यांनी डोळे मिटून घेतले, ते याच भीतीने.

सेमेलवाइसचाही दोष होताच. त्याने वेळेवर लिहिलं नाही. त्याच्या शोधाबद्दल पहिले लेख हेब्राने लिहिले. मार्च 1849 मध्ये त्याची मुदत संपली, ती वाढवली गेली नाही. 1850 मध्ये शिकवण्याची परवानगी मिळाली, पण फक्त पुतळ्यावर. तो इतका दुखावला, की ज्यांनी त्याच्यासाठी भांडणं अंगावर घेतली त्या मित्रांचा निरोपही न घेता व्हिएन्ना सोडून पेश्तला निघून गेला. श्कोडाने ते कधी विसरलं नाही.

पेश्तच्या सेंट रोकुस रुग्णालयात त्याने सहा वर्षं जवळजवळ बिनपगारी काम केलं. तिथे 933 बाळंतपणांत आठ मृत्यू. 1855 मध्ये तो तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. तिथे भांडण झालं ते चादरींवरून! धुतलेल्या म्हणून आलेल्या चादरी डागाळलेल्या, वास येणाऱ्या असत. हात स्वच्छ, पण बाई निजते त्या चादरीवर आदल्या बाळंतिणीचा स्राव. तो भांडला आणि चादरी बदलून घेतल्या. घर सांभाळणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही. आमच्या आजीनेही बाळंतिणीची खोली, कपडे वेगळे ठेवले होते, भेटायला येणाऱ्याला आधी हातपाय धुवायला लावत. पण आजीचं कौतुक करताना हेही सांगायला हवं, की त्याच काळात गंजक्या विळ्याने नाळ कापून किती बाळं धनुर्वाताने गेली. म्हणून तर सुईणींच्या प्रशिक्षणात पाच स्वच्छता आल्या: हात, जागा, पातं, नाळ बांधायचा दोरा आणि नाळ.

1857 मध्ये त्याने मारिया वाइडेनहोफरशी लग्न केलं. ती त्याच्याहून बरीच लहान. पाच मुलं झाली, त्यातली पहिली दोन तान्हेपणीच गेली. पुस्तक शेवटी 1860 मध्ये निघालं, शोधानंतर तेरा वर्षांनी. जाडजूड, आकड्यांनी भरलेलं आणि रागाने. फारसं कुणी मानलं नाही. मग त्याने नामांकित प्रसूतितज्ज्ञांना जाहीर पत्रं लिहायला सुरुवात केली, त्यांना नाव घेऊन खुनी ठरवणारी. बरोबर होतं का? आकडे त्याच्या बाजूने होते. पण खुनी म्हटल्यावर कोण हात धुणार होतं?

हळूहळू त्याचं वागणं बदललं. विसरणं, भडकणं, भलतंच बोलणं. आजार कोणता, यावर अजून मतभेद आहेत. जुलै 1865 च्या अखेरीस मारिया त्याला व्हिएन्नाला घेऊन गेली. हेब्राने त्याला नवीन संस्था दाखवतो असं सांगून वेड्यांच्या इस्पितळात नेलं. कळल्यावर तो पळायला बघत होता. पहारेकऱ्यांनी त्याला मारहाण केली, अंगाला जखडणारा सदरा घालून कोंडलं. दोन आठवड्यांनी, 13 ऑगस्ट 1865 ला तो गेला, सत्तेचाळीस वर्षांचा. जखमा चिघळून रक्तात विष पसरलं होतं. कोलेचकांना झालं होतं तेच. त्याच्या आदल्याच दिवशी, 12 ऑगस्टला, ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर या सर्जनने एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिड वापरलं होतं. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. आणि 1879 मध्ये पॅरिसच्या एका सभेत लुई पाश्चरने उठून फळ्यावर मण्यांच्या माळेसारखी आकृती काढली, बाळंतपणाच्या तापाचा जंतू म्हणून. बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला आज सेमेलवाइसचं नाव आहे. तो जन्मला ते घर आता संग्रहालय आहे आणि त्याच्या अस्थीही तिथेच आहेत.

हे सगळं सांगून होईपर्यंत तासाची वेळ उलटून गेली होती. ती मुलगी या वेळी काही विचारायला थांबली नाही. आठवड्याने कॉरिडॉरमध्ये भेटली, तेव्हा स्वतःहूनच सांगितलं. सरांना बोलायची हिंमत झाली नव्हती. म्हणून राउंडमध्ये तिने सॅनिटायझरची बाटली हातात धरली आणि पहिली खाट झाल्यावर, काही न बोलता, सरांच्या पुढे केली. सरांनी बोलता बोलता हात पुढे केले आणि चोळले. दुसऱ्या खाटेनंतर ते विसरून पुढे निघाले, तेव्हा तिने पुन्हा केली. वॉर्डात बावीस खाटा आहेत. किती वेळा बाटली पुढे केलीस, असं मी विचारलं. ती म्हणाली की, अकराव्या खाटेपासून सर स्वतःच हात पुढे करायला लागले, मॅडम, पण सिस्टर मात्र माझ्यावर चिडल्यात, बाटली संपवली म्हणून.